लवंगीच्या आईची चाटण-वीट

एक होतं करडू. शेळीचं पिल्लू. एवढंसं! त्याचं नाव लवंगी.

पाय चार, उड्या फार. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

लवंगीची आई काबरी शेळी. काबरीची मालकीण यसूआत्या.

यसूआत्याच्या गोठ्यात दोरीला एक वीट टांगलेली असायची. घर बांधायची वीट नाही हं! चाटायची वीट. खारट खारट चाटण-वीट. काबरी ती रोज चाटायची. लप लप लप! मग काबरीला छान दूध यायचं. मग लवंगी प्यायची. गट गट गट!

एकदा काय झालं, चाटून चाटून वीट संपली. आत्यानं नवी थापली. पण आत्याला भारी घाई! वीट अजून ओली, तरी तिनं टांगली. ओली वीट म्हणजे मऊ मऊ. आणि गोठ्यात कोण होता? ढब्ब्या बोकड!

ढब्ब्या चाटतो का? छे! ढब्ब्या चावतो. कच कच कच, गट्टम!

वीट गेली. अगं बाई, दोरीसुद्धा गेली!

आता काबरी काय चाटणार? तिनं भिंत चाटली. दाराची कडी चाटली. आत्याची चप्पल चाटली. शी! वाळत घातलेल्या लुगड्याचा काठसुद्धा चघळला. पण भिंतीनं काय होतंय? दूध आटलं. आता यायचा नुसता थेंब. थेंबानं पोट भरतं का कधी?

लवंगीचं पोट म्हणालं, "गुडगुड! गुडगुड!"

लवंगी निघाली आत्याकडे. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"आत्या आत्या, वीट दे!
वीट आई चाटेल,
आई दूध देईल,
दूध मी पिईन, गट गट गट!"

आत्या म्हणाली, "देईन गं माझे बाई! गुरांच्या दवाखान्यातली करड्या रंगाची भुकटी आहे. गूळ आहे. मीठ कुठंय? मिठाशिवाय वीट नाही. जा, हैबतकाकांकडून मीठ आण."

हैबतकाका गावोगाव मीठ विकायचे. लवंगी निघाली. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"काका काका, मीठ द्या!
मिठाची आत्या वीट थापेल,
वीट आई चाटेल,
आई दूध देईल,
दूध मी पिईन, गट गट गट!"

काका म्हणाले, "देतो की! पण मीठ आहे गोणीत. आणि गोणीवर बघ कोण बसलंय!"

गोणीवर बसलं होतं काकांचं गाढव. चांगलं पाय पसरून! गाढवाचं नाव सरदार. गोणी खाली, सरदार वर.

"सकाळपासून ढकलतोय," काका म्हणाले. "हलतच नाही लेकाचा. आता तूच सांग त्याला."

लवंगी गाढवापाशी गेली. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"सरदार सरदार, ऊठ ना!
सरदार उठला की मीठ मिळेल,
मिठाची आत्या वीट थापेल,
वीट आई चाटेल,
आई दूध देईल,
दूध मी पिईन, गट गट गट!"

सरदारानं एक डोळा उघडला. सरदारानं तो डोळा मिटला.

"कोंडा," सरदार म्हणाला.

"काय?"

"कोंडा आण. मग उठतो. नाहीतर बसतो."

ऐट बघा गाढवाची! लवंगी काय करणार? निघाली भाताच्या गिरणीकडे. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

गिरणी होती अनसामावशीची. गिरणीत भात घातला की तांदूळ पडायचे इकडे, कोंडा पडायचा तिकडे.

"मावशी मावशी, कोंडा दे!
कोंडा सरदार खाईल,
सरदार उठला की मीठ मिळेल,
मिठाची आत्या वीट थापेल,
वीट आई चाटेल,
आई दूध देईल,
दूध मी पिईन, गट गट गट!"

अनसामावशी कुजबुजली, "शूऽऽ! हळू बोल. कोंडा देईन, पण गिरणी बंद आहे."

"का गं?"

"गिरणीच्या पट्ट्यावर साळूबाई झोपल्यात."

साळूबाई म्हणजे मांजर. गलेलठ्ठ! पट्ट्यावर अंगाचं वेटोळं करून, घुर्र घुर्र घुर्र.

"मग हाकल ना!"

"मी? नको गं बाई! परवा हाकललं, तर इथं बोचकारलं. हे बघ, नाकावर!"

खरंच, मावशीच्या नाकावर ओरखडा होता. लांबच लांब!

मग लवंगीच गेली मांजरापाशी. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"साळूबाई साळूबाई, उठा ना!
साळूबाई उठल्या की गिरणी फिरेल,
गिरणी फिरली की कोंडा पडेल,
कोंडा सरदार खाईल,
सरदार उठला की मीठ मिळेल,
मिठाची आत्या वीट थापेल,
वीट आई चाटेल,
आई दूध देईल,
दूध मी पिईन, गट गट गट!"

साळूबाईंनी जांभई दिली. आऽऽऽ!

"उठते," साळूबाई म्हणाल्या. "पण आधी दूध. शेळीचं. कोमट."

लवंगी खूश! शेळीचं दूध ना? आपली आई शेळीच तर आहे! धूम पळाली घरी. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"आई आई, दूध दे!
दूध साळूबाई पितील,
साळूबाई उठल्या की गिरणी फिरेल,
गिरणी फिरली की कोंडा पडेल,
कोंडा सरदार खाईल,
सरदार उठला की मीठ मिळेल,
मिठाची आत्या वीट थापेल,
वीट आई चाटेल,
आई दूध देईल,
दूध मी…"

"अगं थांब, थांब!" काबरी म्हणाली. "आई म्हणजे मीच ना? वीट चाटल्यावर दूध येणार. आणि तू दूध मागतेस विटेसाठी!"

बघा बरं! दुधाला वीट, विटेला मीठ, आणि फिरून फिरून पुन्हा दूधच. नुसती फुगडी झाली, फुगडी! काय करायचं आता? तुम्हीच सांगा. मला तर बाई काही सुचेना.

लवंगीला आलं रडू. "बेंऽऽ! बेंऽऽ!" पोट म्हणालं, "गुडगुड! गुडगुड!"

मग लवंगीला आला राग. आईचं दूध आटलं आणि ही मांजर झोपते काय? लवंगीनं नाक पुसलं. परत निघाली गिरणीकडे. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

साळूबाई अजून झोपलेल्याच. घुर्र घुर्र घुर्र. त्यांच्या अंगावर कोंड्याची भुरभुर. पाठीवर कोंडा. कानावर कोंडा. लवंगीनं वास घेतला. अहाहा! भूक तर अशी लागलेली!

लवंगीनं जीभ काढली. आणि चाटला की मांजरीचा कान!

लप!

साळूबाईंनी कान हलवला.

लप लप!

साळूबाईंनी मिशा हलवल्या.

लप लप लप लप!

"ईऽऽऽ! ओलं! ओलं! ओलं!" साळूबाईंनी उडी मारली. पट्ट्यावरून पोत्यावर, पोत्यावरून खिडकीत, खिडकीतून बाहेर! म्याऽऽऊ!

मग काय विचारता!

साळूबाई उठल्या, गिरणी फिरली. फट फट फट, घर्र घर्र घर्र!
गिरणी फिरली, कोंडा पडला. भुर भुर भुर!
कोंडा सरदारानं खाल्ला. मच मच मच!
सरदार उठला. हॅंऽऽको! हॅंऽऽको!
सरदार उठला, मीठ मिळालं. हैबतकाकांनी पुरचुंडी बांधून लवंगीच्या गळ्यात अडकवली.

लवंगी आली घरी. पुरचुंडी हलते डुगुडुगु, लवंगी येते टुणुक टुणुक!

आत्यानं मीठ घेतलं. त्यात करडी भुकटी घातली. गुळाचं पाणी घातलं. मळलं मळलं. थापलं थापलं. मधे भोक पाडलं दोरीसाठी. झाली वीट!

"आई, चाट!" लवंगी म्हणाली.

"खबरदार!" आत्या ओरडली. "ओली वीट टांगायची नाही. मला चांगलीच अद्दल घडलीय. आता वाळू दे. सावलीत. वाऱ्यावर."

वीट ठेवली उंच फळीवर. खाली उभा ढब्ब्या. वर बघतोय. जिभल्या चाटतोय!

लवंगीनं विचारलं, "वाळली?"

"नाही."

लवंगी एकदा अंगणात फिरून आली. "वाळली?"

"नाही गं!"

एक झोप काढून आली. "आता वाळली?"

"लवंगे, मार खाशील हं!"

तेवढ्यात आले गुलाबशेठ दुकानदार. हातात चकचकीत डबा. सोनेरी!

"आत्याबाई, वाळायची वाट कशाला बघता? हा डबा घ्या. थोडा महाग आहे, पण बघा कसा चमकतो! आत्ता उघडा, आत्ता चाटवा!"

लवंगी म्हणाली, "घे ना गं आत्या! आत्ताच्या आत्ता!" पोट म्हणालं, "गुडगुड!"

आत्यानं लवंगीकडे बघितलं. तिचा जीव कळवळला. तिनं डबा हातात घेतला. हलवला. खुळखुळ! एवढा मोठा डबा, आत एवढंसं. तिनं वास घेतला. गुलाबाचा वास. मग तिनं डब्यावरचं चित्र नीट बघितलं.

"शेठ, ही तर कोंबडी आहे!"

"आहे कोंबडीचं, पण शेळीलाही चालतं हो!"

"असं होय? मग उद्यापासून माझी काबरी अंडी घालणार का? आरवणार का? कुकूचकू करत पत्र्यावर चढणार का?"

आत्यानं डबा शेठच्या हातात परत दिला.

"न्या तो डबा," आत्या म्हणाली. "शेळीला शेळीचंच हवं. आमची भुकटी शेळीची, मीठ हैबतकाकांचं आणि घाई कुणाचीच नाही. लवंगे, ऐकलंस?"

लवंगीनं मान खाली घातली. "ऐकलं."

शेठ निघाले. तोवर ढब्ब्यानं काय केलं? डब्यावरचा कागद ओढला. टर्रर्र! आणि खाल्ला. कोंबडीसकट!

मग लवंगी वाट बघत राहिली. थेंब थेंब दूध प्यायली. वारा आला, गेला. दिवस आला, गेला. आणखी दिवस आले, गेले. आत्यानं वीट बोटानं वाजवली. टक टक! टणक!

"वाळली!" आत्या म्हणाली.

वीट टांगली. काबरी धावली. लप लप लप! चाटली आज, चाटली उद्या, चाटली परवा. भिंत विसरली. कडी विसरली. चप्पल तर साफ विसरली.

आणि एका सकाळी लवंगी गेली आईपाशी. तोंड लावलं. एक थेंब आला. मग दुसरा आला. मग थेंब कुठले! धार आली, धार! पांढरी, कोमट, फेसाळ!

गट गट गट! गट गट गट!

लवंगीचं शेपूट हलू लागलं. भिरभिर भिरभिर! पोट झालं टम्म. तिनं पोटाला विचारलं, "काय रे, गुडगुड?" पोट काही बोललंच नाही.

दारातून कुणीतरी डोकावलं. साळूबाई! एक कान अजून फुरफुरत होता.

"आणि माझं दूध?" साळूबाई म्हणाल्या.

लवंगी काय बोलणार? तिचं तोंड भरलेलं होतं.

लवंगीचं दूध पिऊन झालं, माझी गोष्ट सांगून झाली. आणि बाळा, तुझा दुधाचा पेला? अगं बाई, अजून तसाच! चल, लाव तोंडाला.

गट गट गट!