ठिपकीचा डोळा

ऐक हं! कान इकडे कर.

एका घरात बाळ आलं. इवलंसं, बारा दिवसांचं. आज त्याचं बारसं! म्हणून बाळाची खोली सजली. आईने भिंतीवर चांदण्या चिकटवल्या. बाबांनी खिडकीत कागदी पोपट टांगले. आणि आत्याने शिवलं चिमणाळं. पाळण्यावर टांगायचं, गोल गोल फिरायचं. त्यात कापडाच्या पाच चिमण्या. पोटात कापूस, डोळ्यांना काळे मणी. मणी होते दहाच.

शेवटची चिमणी ठिपक्याठिपक्यांची. तिचं नाव ठिपकी. आत्याची झाली घाई, गाठ राहिली सैल. टिक! ठिपकीचा एक डोळा पडला. टिक टिक टिक, गेला फरशीच्या फटीत. गुडुप!

"अगं बाई!" ठिपकी म्हणाली. "एका डोळ्याची मी पाळण्यावर कशी जाऊ? मला बाळ बघायचंय!"

थुपुक थुपुक, थुपुक थुपुक. ठिपकी गेली मुंगीकडे.

"मुंगीताई, मुंगीताई, फटीतला मणी दे ना!
ठिपकीला डोळा मिळेना!"

मुंगी म्हणाली, "देईन की! पण आधी घुगरी आण. पोरं भुकेली आहेत माझी."

थुपुक थुपुक, थुपुक थुपुक. ठिपकी गेली पातेल्याकडे. पातेल्यात हरभऱ्याच्या घुगऱ्या. रटरट, रटरट.

"पातेलेमामा, पातेलेमामा, घुगरी द्या ना!
मुंगी मणी देईना,
ठिपकीला डोळा मिळेना!"

पातेलं म्हणालं, "छे छे! नाव ठेवायच्या आधी घुगरी? आत्याने कुर्र केलं की मगच!"

बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र म्हणते. मग नाव सांगते. ते काम आत्याचंच, दुसऱ्या कुणाचं नाही.

थुपुक थुपुक, थुपुक थुपुक. ठिपकी गेली आत्याकडे.

"आत्याबाई, आत्याबाई, कुर्र करा ना!
पातेलं घुगरी देईना,
मुंगी मणी देईना,
ठिपकीला डोळा मिळेना!"

आत्या म्हणाली, "करते गं बाई! पण पाळणा हलायच्या आधी? लोक काय म्हणतील मला!"

थुपुक थुपुक, थुपुक थुपुक. ठिपकी गेली पाळण्याकडे.

"पाळणेकाका, पाळणेकाका, हला ना!
आत्या कुर्र करीना,
पातेलं घुगरी देईना,
मुंगी मणी देईना,
ठिपकीला डोळा मिळेना!"

पाळणा म्हणाला, "असा बोडका हलू? वर चिमणाळं नको?"

थुपुक थुपुक, थुपुक थुपुक. दमली बिचारी! ठिपकी गेली चिमणाळ्याकडे.

"चिमणाळ्या, चिमणाळ्या, वर चढ ना!
पाळणा हलेना,
आत्या कुर्र करीना,
पातेलं घुगरी देईना,
मुंगी मणी देईना,
ठिपकीला डोळा मिळेना!"

चिमणाळं म्हणालं, "मला पाच चिमण्या हव्यात. दहा डोळे हवेत. जा, आधी तुझा डोळा आण!"

घ्या! डोळ्यासाठी निघाली, डोळ्यापाशीच येऊन अडली. ठिपकी मटकन बसली. कुठे? आईच्या मांडीवर, बाळाच्या दुपट्याजवळ. एक डोळा उरला होता, तोही भरून आला.

तेवढ्यात बाळ हललं. बाळाने डोळे उघडले.

केवढे ते डोळे! बाळाने चांदण्या बघितल्या नाहीत. पोपट बघितले नाहीत. बाळाने बघितलं ठिपकीकडे. टकामका, टकामका. बघतच राहिलं.

ठिपकीही बघतच राहिली. एवढंसं नाक! एवढीशी नखं! सुई नाही, दोरा नाही, कुठेच टाका नाही. कुणी केलं असेल हे?

पातेलंसुद्धा रटरटायचं थांबलं.

मग चिमणाळं हळूच म्हणालं, "बाळाला हीच आवडली. नऊ डोळे तर नऊ! ये गं ठिपके, मधोमध बस."

चिमणाळं वर चढलं.
पाळणा हलला, झुल झुल.
आत्याने कुर्र केलं, "वेणूऽऽ!"
आत्याच्या पाठीत धपाटे, धप धप धप!
पातेल्याने घुगरी दिली.
मुंगीने मणी दिला.
ठिपकीला डोळा मिळाला!

आत्याने शिवला. या खेपेला दोन गाठी.

ठिपकी फिरली, गोल गोल, गोल गोल. वरून दोन डोळ्यांनी ठिपकी बघते. खालून दोन डोळ्यांनी वेणू बघते.

घुगरी गेली पोटात, मुंगी गेली बिळात. आणि गोष्ट? गोष्ट गेली तुझ्या कानात.

कुर्रर्र!