तबकडीवरचं बोट

"…मग माझ्यात कमी काय आहे, ते तरी सांगा ना मास्तर!"

विराज सबनीसने ड्रमच्या काड्या मांडीवर आपटल्या. कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो पुसायचंही त्याला भान नव्हतं. त्या प्रसिद्ध तबकडीतला सगळा तुकडा, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या झांजेपर्यंत, त्याने आत्ताच एक कण न सांडता वाजवून दाखवला होता. आणि समोर आरामखुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याने नुसती मान हलवली होती. नाही म्हणून.

म्हातारा म्हणजे पास्कोल डाबरे. वसईकडच्या गिरिज गावचे पास्कूमास्तर. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जेव्हा जॅझ वाजायचं, लाकडी फरशीवर पावडर टाकून जोडपी नाचायची, त्या काळी या माणसाच्या ड्रमवर अख्खी संध्याकाळ डोलायची. त्यांच्या बँडची तबकडी निघाली ती एकच. पण तिने पुढच्या कितीतरी पोरांची झोप उडवली. इतक्या वेगाने, इतकं स्वच्छ, माणूस वाजवतो तरी कसा?

पुण्याच्या विराजने ती ऐकली तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे इंजिनिअरिंग मागे पडलं, मित्र मागे पडले, डाव्या मनगटाला कायमचा पट्टा आला. तो वेग मात्र हाती आला.

येत्या रविवारी गावच्या चर्चच्या पटांगणात मास्तरांच्या जुन्या बँडच्या आठवणीचा कार्यक्रम होता. मास्तरांचे हात आता थरथरत. त्यांच्या ड्रमवर कोण बसणार, हे त्यांनीच ठरवायचं होतं. विराजला ती जागा हवी होती. त्याहून जास्त म्हणजे, 'हा माझा शिष्य' एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कमी काही नाही," मास्तर म्हणाले. "जास्तच आहे."

"जास्त?"

"एवढं जलद मी कधी वाजवलंच नाही."

विराज हसला. मोठी माणसं असंच बोलतात, हे त्याला ठाऊक होतं.

"मास्तर, तबकडी आहे ना. सगळ्यांनी ऐकलीय."

"मीही ऐकली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा विचारलं, हा पोरगा कोण?"

मास्तर थट्टा करत असावेत. पण चेहरा थट्टेचा नव्हता.

"तबकडी संपता संपता कोणीतरी बोलतं," ते म्हणाले. "लक्षात आहे?"

लक्षात नसायला काय झालं! विराजने ती इतक्यांदा ऐकली होती की त्यातली खरखरही त्याला पाठ होती.

"लहान मुलगी आहे. 'पास्कू, पुरे की आता!' म्हणते. मग सगळे हसतात. तुमची मुलगी ना?"

"आम्हाला मूल झालं नाही."

"मग?"

मास्तर उठले. भिंतीला धरत कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले. त्यावर जुना रेकॉर्ड प्लेअर होता, आणि प्लेअरवर तीच तबकडी आधीपासून चढवलेली होती. बहुधा ती कधी उतरवलीच जात नसावी.

त्यांनी ती सुरू केली. सुई थेट शेवटाकडे ठेवली.

धो धो ड्रम कोसळले, झांज कडाडली, आणि चिमणीसारख्या किरट्या आवाजात ती मुलगी म्हणाली, "पास्कू, पुरे की आता!"

मास्तरांनी सुई उचलून थोडी मागे ठेवली. या वेळी उजव्या हाताचं एक बोट फिरत्या तबकडीच्या कडेला टेकवलं.

तबकडी मंदावली…

ड्रम खाली उतरले. ट्रम्पेट रुंद झालं. आणि मग एक बाई बोलली. भरल्या आवाजाची, तरणीताठी बाई. "पास्कू, पुरे की आता!"

बोट थरथरत होतं, त्यामुळे तिचा आवाजही थरथरला.

"रेजिना," मास्तर म्हणाले. "माझी बायको."

हे चाललंय काय, ते विराजला अर्धंच कळलं होतं, आणि उरलेलं कळून घ्यायची त्याला भीती वाटत होती.

"त्या दुपारी विजेला दाबच नव्हता," मास्तर सांगू लागले. "स्टुडिओतला दिवा हळदीसारखा पिवळा. तबकडीवर आवाज कोरणारं मशीन पेंगत, हळू फिरत होतं, पण ते लक्षात कोणाच्या येणार? पेंगत्या मशीनवर भरलेलं वाजवणं जाग्या मशीनवर लावलं, की धावत सुटतं. गावोगाव गेली ती तबकडी तशीच गेली."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"भेटेल त्याला सांगितलं. लोक म्हणाले, केवढा हा विनय!" मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. "तूही आत्ता हसलासच की."

विराजने मान खाली घातली. हातातल्या काड्या त्याला एकाएकी परक्या वाटू लागल्या. सगळी उमेदीची वर्षं तो ज्याच्या मागे धावला, तो माणूस कधी जन्मलाच नव्हता. ती नुसती एका दुपारची कमी दाबाची वीज होती. त्याला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचा संतापही आला.

"म्हणजे माझं सगळं फुकट गेलं?"

"फुकट कसं? कुठल्या माणसाने वाजवलं नव्हतं ते तू वाजवलंस. मलाही नाही जमलं."

"तुम्ही… प्रयत्न केलात?"

बाहेर केळीच्या बागेत कोणीतरी पाटाचं पाणी वळवत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"तबकडी निघाली आणि मी जाईन तिथे लोक म्हणायला लागले, पास्कूचे हात मंदावले. सव्वीस वर्षांचं माझं वय! मग धावलो त्या पोराच्या मागे. तुझ्यासारखाच. मनगटं सुजायची. रेजिना शेकून द्यायची आणि म्हणायची, हल्ली तू हातांकडे बघतोस."

"मग कुठे बघायचं?"

"आमच्या बँडमास्तरांची एक रीत होती. नवा ड्रमवाला आला की त्याला ते पहिल्या दिवशी एवढंच सांगत. नाचणाऱ्यांत सगळ्यात म्हातारं जोडपं हेर. त्यांच्या पायांवरून नजर काढू नको. ते जोडपं उठून खुर्चीत जाऊन बसलं, तर तू चुकलास." मास्तर किंचित हसले. "टाळ्या मिळाल्या तरी चुकलास."

"आणि स्टुडिओत? तिथे कोण नाचणार?"

"तिथे तर बघायला भिंत! मला काही लय सापडेना. रेजिना माझा डबा घेऊन आली होती. लग्नाला महिना झाला नव्हता. तिने कोपऱ्यात चपला काढल्या. आवाज भरला जाऊ नये म्हणून. आणि अनवाणी नाचायला लागली. एकटीच… मी तिच्या पायांवर वाजवलं. दमली तेव्हा ओरडली. ते ओरडणं राहिलं तबकडीत."

त्यांनी पुन्हा बोट पुढे केलं. तबकडीच्या कडेवर टेकवलं, पण ते जागेवर ठरेना. ट्रम्पेट वर गेलं, खाली आलं, आजारी माणसासारखं हेलकावलं.

मास्तरांनी बोट काढून घेतलं.

"ती गेल्यापासून रोज लावतो. एवढी एक हाक ऐकायला. पण आता माझ्याच्याने होत नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "कधी तिची पोर होते, कधी बुवा होतो. रेजिना काही होत नाही."

ते खुर्चीत जाऊन बसले. डोळे मिटले.

विराज उभाच होता. मग त्याने काड्या ड्रमवर ठेवल्या आणि टेबलापाशी गेला. मनगटाचा पट्टा सोडला. सुई सुरुवातीला ठेवली आणि फिरत्या कडेला बोट लावलं.

जरा जास्तच दाबलं गेलं. ट्रम्पेट म्हशीसारखं हंबरलं. मास्तर मिटल्या डोळ्यांनीच खुदकन हसले.

त्याने दाब सैल केला. वाजवणं धावलं. पुन्हा दाबलं. नेमकी लय कोणती? ती कुठे लिहिलेली नव्हती. मास्तर काही बोलत नव्हते. जिच्या पायांवरून ती निघाली होती, ती कधीचीच मातीत निजली होती. विराजने इकडेतिकडे पाहिलं. तबकडीकडे, भिंतीकडे, म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे. मग खाली.

खुर्चीखाली मास्तरांचा डावा पाय अनवाणी होता. टाच फरशीवर, अंगठा जरासा उचललेला. जणू वाट बघत होता.

विराजने त्या अंगठ्यावर नजर लावली. बोट सैल केलं… किंचित दाबलं… आणखी किंचित…

अंगठा खाली आला. वर गेला. पुन्हा खाली.

विराजने बोट तिथेच धरलं. तबकडी फिरत राहिली. आणि त्याला पाठ असलेला तो तुकडा त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्यात घाई कुठेच नव्हती. दोन ठोक्यांच्या मधे एखादी बाई गिरकी घेऊन परत येईल इतकी जागा होती. ज्याला तो आजवर धडाका समजत होता, ती एका नव्या नवऱ्याने बायकोची काढलेली खोडी होती. विराजचे डोळे वाहू लागले, पण त्याने नजर अंगठ्यावरून हलवली नाही.

"पास्कू, पुरे की आता!"

आवाज जराही थरथरला नाही. मागून सगळे हसले. मोठी, धडधाकट, तरुण माणसं.

खरखर तेवढी उरली. विराजने सुई उचलली.

मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा तो अजून त्यांच्या पायाकडेच बघत होता. त्यांनी ते पाहिलं. पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला.



"रविवारी…" विराज चाचरत म्हणाला. "लोक तबकडीतला वेग ऐकायला येणार मास्तर. मी लय कुठून घेऊ?"

मास्तरांनी ड्रमवरच्या काड्या उचलल्या, सदऱ्याला पुसल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

"पहिल्या रांगेत माझ्या शेजारची रेजिनाची खुर्ची रिकामी असेल," ते म्हणाले. "तिथले पाय बघ."