सांगती दोरी

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून चोरून ऐकणाऱ्या मोठ्यांनो. अक्षरं तेव्हा राजाच्या दरबारातच राहायची. गावात त्यांचं येणं-जाणं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

अशाच एका गावात आठवड्याचा बाजार भरे. तिथे चिंचेच्या सावलीत चटणीवाल्या बायांची रांग बसायची. प्रत्येकीपुढे मातीची छोटी गाडगी, गाडग्याच्या तोंडाला धुतलेलं फडकं आणि फडक्यावर आवळून बांधलेली दोरी. त्या दोरीला सगळे ‘सांगती’ म्हणत, कारण आत काय आहे ते ती सांगायची. चटणीत जे जे घातलं त्यातलं थोडं थोडं दोरीत ओवायचं. मिरचीचा तुकडा, लसणीची पाकळी, खोबऱ्याची कातळी. मिठासारखं ओवता न येणारं असेल तर त्याची चिमूटभर पुरचुंडी बांधायची. आणि दोरीच्या टोकाला, चटणी ज्या महिन्यात कुटली त्या महिन्यात फुलणारं एखादं फूल, वाळवलेलं. तेच फूल झाडावर पुन्हा दिसलं की त्या गाडग्यातलं कुणी खात नसे.

गिऱ्हाईक यायचं, दोरी बोटांतून जपमाळेसारखी सरकवायचं आणि गाडगं पिशवीत टाकायचं. डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी माणसंसुद्धा कुणाची मदत न घेता खरेदी करून जायची. मी काही तो बाजार पाहिलेला नाही. तरी त्याची गोष्ट सांगताना दर वेळी वाटतं, आपण तिथूनच उठून आलोय आणि परतीची वाट तेवढी विसरलोय. आता आपण पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं चष्मा वर-खाली करून वाचतो, आणि वाचूनही मनातली धास्ती जात नाही. असो. म्हाताऱ्या माणसाने फार उसासे टाकले की ऐकणारे उठून जातात.

त्या रांगेत सगुणाक्का नावाची एक बाई बसे. तिच्या हाताला चव होती आणि त्या चवीचा तिला अभिमानही होता. एका वर्षी तिने चटणीत कढीपत्ता कुरकुरीत तळून घातला. रिवाजाप्रमाणे दोरीत पानही ओवलं. पुढच्याच बाजारी पाहते तो काय, रांगेतल्या झाडून सगळ्या गाडग्यांवर कढीपत्ता. शेजारणीने तर वर हसून विचारलं, “आक्का, पुढं काय घालणार ते आजच सांगून ठेव की.”

सगुणाक्काच्या मनाला ते फार लागलं. राग तर मलाही आला असता.

म्हणून पुढच्या वेळी तिने चटणीत शेंगदाणे घातले. मंद आचेवर भाजून, सोलून, अगदी बारीक कुटून, आणि तेही बेताचेच. जिभेला काहीतरी नवं आहे एवढं कळे, पण त्याचं नाव सापडत नसे. दोरी ओवताना तिने मिरची घेतली, लसूण घेतली, खोबरं घेतलं, मिठाची पुरचुंडी बांधली. शेंगदाणा हातात घेतला आणि परत सुपात टाकला. ‘एवढ्याशा दाण्याने कुणाचं काय बिघडणार आहे,’ असं ती स्वतःशीच म्हणाली.

बाजारात तिची गाडगी हातोहात खपू लागली. शेजारणी चाखून चाखून थकल्या, पण त्यांना काही पत्ता लागला नाही.

एके दिवशी एक परगावचा तरुण आला. त्याने गाडगं उचललं आणि दोरी इतकी निरखून पाहिली, एकेक वस्तू अशी चाचपली, की सगुणाक्काला वाटलं, हा नक्की शेजारणीने धाडलेला माणूस. ती मनातल्या मनात हसली. तो मात्र समाधानाने मान हलवून गाडगं घेऊन गेला.

तो कोण होता ते तिला ठाऊक नव्हतं. गावच्या कुंभाराची मुलगी तुळसा, तिचा तो नवरा. लग्न नवऱ्याच्या गावी झालेलं, त्यामुळे सगुणाक्काने जावयाला पाहिलेलं नव्हतं. तुळसेला मात्र तिने पाळण्यात पाहिलं होतं. या पोरीला शेंगदाणा चालत नाही, दाणा पोटात गेला की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात आणि श्वास कोंडतो, हे साऱ्या गावाला माहीत होतं. तुळसेनेच नवऱ्याला शिकवलं होतं, “दोरीत शेंगदाणा दिसला की गाडगं खाली ठेवायचं. बाकी काही विचारायची गरज नाही. आमच्या गावची दोरी खोटं बोलत नाही.”

माहेरची चटणी पाहून तुळसेचे डोळे भरून आले. ती रोज भाकरीच्या कडेला नखभर घेऊन पुरवून पुरवून खाऊ लागली. आणि रोज थोडी थोडी आजारी पडू लागली. अंगावर गांधी, घशात आवळल्यासारखं, खाल्लेलं उलटून पडे. वैद्यबुवा आले. त्यांनी दूध बंद केलं, मग दही, मग वांगं, मग डाळ. त्यांनी चटणीकडेही बोट दाखवलं, तेव्हा तुळसाच म्हणाली, “ही राहू द्या. हिची दोरी मी स्वतः पाहिलीय.” एकेक पदार्थ ताटातून गेला आणि शेवटी भाकरी आणि ती चटणी एवढंच उरलं. तुळसा अंथरुणाला खिळली.

मग नवऱ्याने ते गाडगं उचललं आणि थेट बाजार गाठला.

भर बाजारात तो सगुणाक्कापुढे उभा राहिला. “आक्का, मी कुंभाराचा जावई. दोरीत आहे तेवढंच आहे ना ह्यात? तुळसा उठत नाही. श्वास घेताना छाती भात्यासारखी वाजते. वैद्यबुवांनी सगळं बंद केलं, आता एवढी चटणीच राहिलीय.”

सगुणाक्काच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही बाजूंच्या शेजारणी हातातलं काम टाकून ऐकत होत्या. याला बाजूला नेऊन हळूच सांगावं, असं तिच्या मनात आलं. हो, तेव्हाही आलं. माणसाचं मन असंच असतं, त्याला काय करणार. पण तिला पाळण्यातली तुळसा आठवली.

“शेंगदाणा आहे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “भाजून घातलाय. दोरीत ओवला नाही. चुकलं माझं. धाव बाबा, तिला आता ह्यातला कणसुद्धा देऊ नकोस.”

तो धावला. चटणी बंद झाली, वैद्यबुवांना औषधाची दिशा सापडली आणि तुळसा हळूहळू उठून बसली. तिचा जीव वाचला, बाळांनो, काळजी करू नका.

सगुणाक्काला कुणी बोललं नाही. शेजारणींनीही टोमणा मारला नाही. पण त्या दिवसापासून बाजारात एक नवी गोष्ट सुरू झाली. गिऱ्हाईक दोरी पाहायचं आणि मग मान वर करून विचारायचं, “आणखी काही नाही ना ह्यात?” फक्त सगुणाक्काला नव्हे, रांगेतल्या प्रत्येकीला. जिने जन्मभर कणही लपवला नव्हता तिलासुद्धा.

पुढच्या वर्षी तुळसा माहेरी आली. सगुणाक्काने तिच्यासाठी नवा पाटा-वरवंटा घेऊन, शेंगदाण्याचा वारासुद्धा लागू न देता वेगळी चटणी वाटली होती. तुळसा येऊन तिच्या पाया पडली. गाडगं हातात घेऊन तिने दोरी सरकवली. मिरची, लसूण, खोबरं, मीठ. टोकाला पळसाचं फूल. मग तिने मान वर केली.

“आक्का, आणखी काही नाही ना ह्यात?”

आवाजात राग नव्हता. असता तर सगुणाक्काला बरं वाटलं असतं.

“नाही गं बाळ,” ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

तुळसेने दोरी पुन्हा एकदा बोटांतून सरकवली. मग तिने गाडगं अलगद खाली ठेवलं. “पुढच्या वेळी नेईन,” ती म्हणाली, आणि घराकडे निघाली.

म्हणून सांगतो, जे दुसऱ्याला खाऊ घालायचं त्यातला कणही त्याच्यापासून लपवू नये, कारण लपवलेलं कबूल करता येतं, पण गेलेला भरवसा मागून मिळत नाही.