बरणीतली घालमेल

बरण्या आणि डबे बोलायचे, तेव्हाची गोष्ट. श्रीरंगने चिखलदऱ्याहून ताज्या भाजलेल्या कॉफीच्या बिया आणल्या, बरणीत भरल्या आणि दळायला हाताने फिरवायचा ग्राइंडर शोधू लागला. एकाचे दाते बोथट, दुसऱ्याची मूठ आखूड, तिसऱ्यातून पूड जाडीभरडी पडायची. आणलेला प्रत्येक ग्राइंडर तो परत करून यायचा.

बरणीत बियांची नुसती घालमेल चालली होती. "अरे, आटप की! आमचा वास उडून चाललाय!"

ओट्यावरचा खलबत्ता म्हणाला, "या माझ्याकडे. चार दणक्यांत काम होईल."

"शी! तुला आल्याचा वास येतो," बिया फणकारल्या. "आम्ही थांबू."

बरेच आठवडे गेले. शेवटी श्रीरंगला मनासारखा ग्राइंडर मिळाला. पूड अगदी एकसारखी पडली. त्याने कॉफी केली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"छे! हाही ग्राइंडर बरोबर नाही."

पिशवी उचलून तो पुन्हा बाजारात निघाला. उरलेल्या बिया घाबऱ्याघुबऱ्या होऊन खलबत्त्याला म्हणाल्या, "दादा, आता तरी घेशील का आम्हाला?"

खलबत्त्याने त्यांना हुंगून पाहिलं.

"या ना," तो म्हणाला. "पण आता वास येईल तो आल्याचाच."