दुरैदची शपथ

या गोष्टीत आटपाट नगर नाही. फार जुन्या काळी अरबस्तानात, जिकडेतिकडे वाळू असलेल्या मुलखात, एका विहिरीभोवती काळ्या तंबूंची एक वस्ती होती. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लहानांनी हवं तर मोठ्यांच्या जवळ सरकून बसावं.

त्या वस्तीत दुरैद नावाचा माणूस राहत होता. कोणाचे उंट आधी पाणी पितील, एवढ्यावरून विहिरीपाशी भांडण पेटलं आणि शेजारच्या टोळीतल्या वहबने दुरैदच्या धाकट्या भावाला मारलं. तेव्हा दुरैदने त्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे शपथ घेतली. वहबचं रक्त सांडेपर्यंत डोक्याला पाणी लावणार नाही, तेल लावणार नाही.

चार वर्षं झाली. केसांच्या जटा झाल्या, डोक्याला वास येऊ लागला. लोक मात्र त्याला मानाने पुढे बसवत. भावासाठी एवढं करतो म्हणून त्याचं कौतुक होई. कौतुकाची चटक वाईट असते.

मग एक दिवस मदिनेहून एक म्हातारा शिक्षक वस्तीवर आला. त्याने सांगितलं, देव एक आहे. त्याच्यापुढे सरदार आणि गुलाम सारखे. भुकेल्याला जेवू घाला, मुलींना जगू द्या, आणि अज्ञानाच्या काळातली जुनी वैरं सोडून द्या. लोकांनी ऐकलं, वाद घातला, पुन्हा ऐकलं, आणि हळूहळू सगळी वस्ती मुसलमान झाली. दिवसातून पाच वेळा माणसं हातपाय धुवून, डोक्यावरून ओला हात फिरवून, खांद्याला खांदा लावून नमाजाला उभी राहू लागली.

दुरैदलाही ते पटलं होतं, अगदी मनापासून. पण इथंच घोडं अडलं. डोक्याला पाणी कसं लावणार? तो रांगेच्या मागे एकटाच उभा राही आणि पुढच्यांच्या पाठी पाहत बसे.

एकदा शिक्षक त्याच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "दुरैद, शपथ मोडायचीही वाट देवाने ठेवली आहे. दहा भुकेल्यांना पोटभर जेवू घाल. सुटलास."

"बाबा, माझ्या भावाच्या रक्ताची किंमत दहा जणांचं जेवण?"

"रक्ताची नाही रे. शपथेची."

"लोक काय म्हणतील?"

"लोक तुझ्यापुढे रांगेत उभे आहेत. तू मागे आहेस."

दुरैद खाली मान घालून म्हणाला, "मी देवाचाच आहे, बाबा. फक्त आधी हे एक काम उरकतो, मग येतो."

देवाला थांबायला सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. काम मात्र कोणाचंच उरकत नाही.

हे सारं बोलणं दुरैदची बायको लुबना पडद्याआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने जवाचं पीठ काढलं, बोकड कापायला लावला आणि वाटेवरच्या भुकेल्यांना निरोप धाडला. दुपारपर्यंत तंबूत नऊ जण परातीभोवती बसले. मग ती दुरैदला म्हणाली, "अहो, जेवण तयार आहे. नुसतं 'वाढ' म्हणा. संध्याकाळी तुमचं डोकं मी माझ्या हाताने धुते."

दुरैदच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, त्या क्षणी तो 'वाढ' म्हणणार होता. त्याने तसं तोंडही उघडलं होतं.

तेवढ्यात दारात दहावा माणूस आला. धुळीने भरलेला, दोन दिवसांचा उपाशी. तो वहब होता.

"दुरैद," तो म्हणाला, "आमच्याकडे अजून कोणी मानत नाही, पण मी मानलं. तुमच्या वस्तीतही आता एकच देव मानतात असं कळलं, म्हणून तलवार घरी ठेवून आलो. तुझा भाऊ मी मारला. माफी मागायला आलोय. पण आधी चार घास दे, उभं राहवत नाही."

लुबनाने त्याला परातीपाशी बसवलं. त्या मुलखाचा दुसरा एक रिवाज तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. ज्याने तुमच्या तंबूत एक घास खाल्ला, तो तुमचा पाहुणा झाला. मग त्याच्या केसालाही धक्का लावता येत नाही.

दुरैदलाही तो ठाऊक होता. पाहुण्याला मारणं त्याच्या हातून कधीच झालं नसतं. म्हणूनच त्याने घाई केली.

"एक घास खाऊ द्या त्याला," लुबना म्हणाली. "फक्त एक."

वहबची बोटं परातीला लागायच्या आत दुरैदची तलवार चालली.

नऊ भुकेले न जेवता उठून गेले. संध्याकाळी दुरैदने स्वतःच पाणी घेऊन डोकं धुतलं, कारण लुबना त्याच्या जवळ आली नाही. मग तो शिक्षकासमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, शपथ संपली. आता मी रांगेत येऊ?"

म्हातारा रडत होता. "ये. रांगेतून तुला हाकलणारा मी कोण? पण उद्या मी वहबच्या टोळीकडे निघणार होतो. आता तिथं जाऊन काय सांगू?"

तरीही तो गेला. त्या लोकांनी त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. "देव नवा आणलात," ते म्हणाले, "माणसं तीच आहेत." आणि त्याच दिवशी वहबच्या धाकट्या भावाने डोक्याला पाणी न लावायची शपथ घेतली.

ती बातमी वस्तीवर आली. तेव्हापासून दुरैद रांगेत उभा राही, वाके, पण कपाळ जमिनीला टेकायची वेळ आली की त्याचं अंग ताठ होई. कपाळ टेकलं की मान उघडी पडते, आणि त्या मानेवर वार कधी येईल हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळी रांग जमिनीला टेकलेली असे, आणि एकटा दुरैद गुडघ्यांवर बसून मागे वळून पाहत असे. मरेपर्यंत त्याला एकदाही कपाळ टेकता आलं नाही.

तात्पर्य: आधी सूड आणि मग देव असं जो ठरवतो, त्याच्या वाट्याला फक्त सूडच येतो.