विझलेलं निरांजन

आडघरचा दवाखाना गावानं स्वतः दगड वाहून बांधला होता, आणि आता त्याला टाळं लागणार होतं. आरोग्य खात्याच्या बड्या साहेबांचं म्हणणं एकच, "घाट उतरला की तालुक्याचं मोठं रुग्णालय. अर्ध्या तासाचा रस्ता. इथं दवाखाना हवाय कशाला?"

अखेर साहेब स्वतःच कुलूप घेऊन तालुक्याहून निघाले. तसा फोन येताच सरपंच भामाक्कांनी औक्षणाचं ताट केलं. निरांजनात तासभर पुरेल एवढं तूप घातलं, वात लावली आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन त्या उभ्या राहिल्या.

"आक्का, एवढ्यात कशाला लावलं?" कुणीतरी विचारलं.

"साहेबांचाच शब्द आहे, अर्ध्या तासात येतील."

दवाखाना नव्हता तेव्हा आक्कांची थोरली लेक बाळंतपणाला नेताना याच घाटात गेली होती. समोरच्या वळणावरून त्यांची नजर हलत नव्हती. तूप संपलं, वात विझली. शेजारणीनं काडेपेटी पुढे केली, तर आक्कांनी तिचा हात धरला.

उन्हं कलल्यावर गाडी आली.

"काय करणार, घाटात ट्रक आडवा झाला होता," म्हणत साहेबांनी टिळ्यासाठी मान पुढे केली आणि ते थबकले. "अहो, दिवा विझलाय!"

"तुम्ही निघालात तेव्हा लावला होता."

"मग परत लावा की!"

"लावते," आक्का शांतपणे म्हणाल्या. "हा परत लावता येतो, साहेब."

कुलूप गाडीतून उतरलंच नाही.