उल्का पाणकोंबडीचं आभारप्रदर्शन

एका तळ्याकाठी एक नगर होतं. नगर मोठं मोठं होत चाललं होतं आणि तळं लहान लहान होत चाललं होतं. पण या दोन गोष्टी एका वाक्यात बोलायची तिथे पद्धत नव्हती.

नगराचे अध्यक्ष होते रेडेराव. ते बिनविरोध निवडून आले होते. म्हणजे विरोधात एक गाढव उभं होतं, पण मोजणीच्या सकाळी ते रेडेरावांच्या पाठीशी उभं असलेलं सापडलं. आता पाठीशी उभ्या असलेल्याला विरोधात कसं धरणार? रेडेरावांना दोनच गोष्टींची आवड होती: डुंबणं आणि स्वतःचं नाव ऐकणं. पहिल्या आवडीसाठी त्यांच्या बंगल्यामागे खासगी डबकं होतं. दुसरीसाठी नगराची व्याख्यानमाला होती.

व्याख्यानमाला सात दिवस चाले, जुन्या चिंचेखालच्या मंडपात. कला, विज्ञान, संस्कृती, सगळं फुकट. सूर्य टेकडीला टेकला की कार्यक्रम संपवायचा, कारण पुढे मंडप वटवाघळांच्या ताब्यात जाई आणि त्यांना उलटं लटकून भाषणं ऐकायची अजिबात हौस नव्हती. यंदा पहिल्या दिवशी घोरपडताई 'शेपूट: आपला सांस्कृतिक वारसा' यावर बोलल्या. दुसऱ्या दिवशी कोंबडेशास्त्र्यांचं विज्ञान-व्याख्यान, 'सूर्य कोणामुळे उगवतो?' (उत्तर त्यांनी विनयाने श्रोत्यांवर सोडलं.) तिसऱ्या दिवशी 'चिखल: एक ललित कला', वक्ते खुद्द रेडेराव, प्रात्यक्षिकासह. पहिल्या तीन रांगा लगेच आंघोळीला पळाल्या आणि तळ्याच्या काठाला पाणी नाही म्हणून तशाच परत आल्या.

चौथा दिवस शालेय व्याख्यात्याचा. त्यासाठी मुलांनी मतं देऊन उल्का पाणकोंबडीला निवडलं होतं.

उल्का नववीत होती. पाय लांब, मान सदा पुढे, आणि जीभ मानेच्याही पुढे. तिचं घर तळ्यातल्या लव्हाळ्यात, पाण्यावर तरंगणारं. घरात आई आणि सहा भावंडं; सहाही अजून टरफलात. उल्का रोज सकाळी एका लव्हाळ्याच्या काडीवर चोचीने पाण्याची खूण करायची. पाणी रोज चार बोटं उतरत होतं. ऊन तर इतकं पीत नाही, मग जातं कुठे? म्हणून ती एक दिवस पाण्याच्या मागे मागे चालत गेली. केवड्याच्या बनातून एक चर निघालेला दिसला. चर वळत वळत थेट रेडेरावांच्या बंगल्यामागे, त्या डबक्यात. डबकं कसलं, दुसरं तळंच ते! मधोमध रेडेराव डोळे मिटून पडलेले.

आणखी आठ दिवसांत घरट्याखालचं पाणी संपणार होतं. हे मुंगसांनाही ठाऊक होतं. ती रोज सकाळी काठावर येऊन पंजाने चिखल दाबून बघत, चालण्याइतका वाळला का ते.

"आई, मी सगळ्यांना सांगणार. पुराव्यानिशी," उल्का म्हणाली.

"उल्के, हळू बोल," आई अंड्यांवरून न उठता म्हणाली. "आणि भाषणात मान एवढी पुढे काढू नकोस."

विषय कळवायला उल्का व्याख्यानमालेचे कार्यवाह बगळेसर यांच्याकडे गेली. सर पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, अत्यंत सोज्वळ.

"सर, माझा विषय 'आपलं तळं कुठे जातं?'"

"वा! वा! काय जिज्ञासा आहे, बाळ!" सर म्हणाले. "फक्त शीर्षक थोडं नकारात्मक वाटतं. आपण 'आपलं तळं: एक वैभव' करू या. आत तू काय बोलायचं ते बोल."

"काहीही बोलू?"

"अगं, आपल्याकडे भाषणाला कधी बंदी असते का?" सरांना खरोखर वाईट वाटलं. "आपण असंस्कृत आहोत का?"

उल्का उड्या मारत घरी गेली. आणि सरांनी पाय बदलून कार्यक्रमपत्रिका लिहायला घेतली.

चौथ्या दिवशी मंडप खचाखच भरला. पहिल्या रांगेत, साठ वर्षं ज्या खुर्चीत झोपत आले त्याच खुर्चीत कासवकाका झोपले होते. उल्काच्या पंखाखाली खुणांची काडी होती. काळीज असं धडधडत होतं की काडी हलत होती.

दीपप्रज्वलन झालं. पाच वाती, पंधरा मान्यवर, त्यामुळे प्रत्येक वात तीनदा लावावी लागली. मग स्वागतगीत. मग बगळेसरांचं प्रास्ताविक, ज्यात त्यांनी व्याख्यानमालेचा इतिहास तळं निर्माण झाल्यापासून सांगितला. मग सत्कार. आधी मान्यवरांचा, मग मान्यवरांचा सत्कार करणाऱ्यांचा, मग शाली पुरवणाऱ्या मेंढीचा, तिच्याच शालीने. उल्कालाही शाल मिळाली. ती इतकी मोठी होती की उल्का दिसेनाशी झाली आणि सूत्रसंचालिका मैनाबाईंनी "आजच्या वक्त्या अजून पोहोचल्या नाहीत वाटतं" असं जाहीर केलं.

"मी इथे आहे!" शालीतून आवाज आला. टाळ्या पडल्या.

सावल्या लांबत होत्या. उल्काने मैनाबाईंची शेपटी ओढली. "बाई, माझं कधी?"

"आता तुझंच गं सोन्या. फक्त तुझा परिचय होऊ दे."

परिचय बराच वेळ चालला. उल्काचं वय अवघं दोन पावसाळे असल्याने मजकूर कमी पडला. तेव्हा मैनाबाईंनी उरलेल्या जागेत रेडेरावांचा परिचय करून दिला. मग कळलं की अध्यक्षांना पुढच्या कार्यक्रमाला जायचंय, म्हणून अध्यक्षीय समारोप आधी घेऊ.

"बंधूंनो आणि भगिनींनो!" रेडेराव गरजले. "काही लोक विचारतात, पाणी कुठे आहे? मी विचारतो, तुम्ही पाण्याकडे बघताच का? भविष्याकडे बघा! आमच्या काळात तळ्याचा काठ किती रुंद झाला, हे विरोधकांना दिसत नाही. बोला, काठ कोणी वाढवला?"

"रेडेरावांनी!" मंडप ओरडला. सगळ्यात मोठ्याने गाढव.

भाषण संपवून रेडेराव पुढच्या कार्यक्रमाला गेले नाहीत. ते खुर्चीत बसले आणि रवंथ करू लागले. तेवढ्यात सूर्य टेकडीला टेकला.

मैनाबाई लगबगीने पुढे आल्या. "वेळेअभावी कुमारी उल्का यांचं व्याख्यान झालं आहे, असं समजण्यात येत आहे. फारच अभ्यासपूर्ण मांडणी होती. जोरदार टाळ्या!"

टाळ्या खरोखर जोरदार पडल्या. मागून कोणीतरी "वन्स मोअर" म्हणालं.

उल्का तिथेच उभी राहिली. पंखाखालची काडी आता हलत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे सहा टरफलं आली आणि चिखल दाबणारे पंजे आले. तिचे डोळे भरले. ते बगळेसरांनी पाहिलं आणि त्यांच्यातला शिक्षक द्रवला.

"नाराज नको होऊस, बाळ," ते म्हणाले. "आज आभार तू मान. दरवर्षी आभार मानणाऱ्या पोपटरावांचा घसा घोषणांनी बसलाच आहे. हे घे नावं. वाचून दाखव, झालं."

खरं तर आभारात कोण काय बोलणार? पण बगळेसर एक गोष्ट विसरले, आणि ती त्यांनीच लिहिली होती. मागच्या वर्षी आभार चालू असताना एका कावळ्याने "चहा कधी?" असं विचारलं होतं, आणि नेमकं 'रेडे' आणि 'राव' यांच्या मध्ये. अध्यक्षांचं नाव दुभंगलं. दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं: आभारप्रदर्शन चालू असताना जो कोणी मध्ये बोलेल, उठेल किंवा खोकेल, त्याला नगराबाहेर काढण्यात येईल.

उल्काला ते फर्मान पाठ होतं. नागरिकशास्त्रात दोन गुणांना आलं होतं.

तिने शाल झटकली. मान जितकी पुढे जाते तितकी काढली.

"सर्वप्रथम मी आभार मानते," ती म्हणाली, "आपले लाडके नगराध्यक्ष माननीय रेडेराव यांचे!"

टाळ्या. रेडेरावांनी डोळे मिटून घेतले.

"ज्यांनी एवढ्या व्यापातून वेळ काढून, कोणाचीही मदत न घेता, स्वतःच्या शिंगांनी तळ्यापासून बंगल्यापर्यंत चर खणला!"

टाळ्या. सवयीच्या होत्या, थांबायला जरा उशीर झाला.

"तो केवड्याच्या बनात आहे, कोणालाही बघता येईल. त्या चराचेही आभार, तो रोज न चुकता आपलं चार बोटं पाणी साहेबांच्या डबक्यात पोहोचवतो. या काडीवर सगळ्या खुणा आहेत. काडीचेही आभार."

रेडेरावांचं रवंथ थांबलं. त्यांनी बगळेसरांकडे बघितलं. सरांनी चोच उघडली, फर्मान आठवलं आणि चोच मिटली.

"आदरणीय बगळेसरांचे आभार. पाणी आटल्याने मासे उघडे पडले, तेव्हा ते दृश्य कोणाला बघवणार नाही म्हणून सरांनी ते सगळे एकट्याने खाल्ले!"

आता टाळ्या नव्हत्या. एक बेडूक मान वळवून केवड्याच्या बनाकडे बघत होता.

"आभार आपल्या सगळ्यांचे. दोन महिने आपण गाळ पितोय आणि काठ वाढला म्हणून ओरडतोय. आणि शेवटी," इथे तिने काडी उंच धरली, "आभार त्या मुंगसांचे, जी अजून चार-पाच दिवस वाट बघायला तयार आहेत. माझी सहा भावंडं अजून जन्मली नाहीत, नाहीतर तीही आभार मानायला आली असती. धन्यवाद. मी आभार मानून संपवते."

मंडपात चिडीचूप. आणि त्या शांततेत कासवकाका जागे झाले.

"मला एक प्रश्न आहे," ते म्हणाले. साठ वर्षांत ते 'प्रश्न नाही, दोन शब्द बोलतो' असंच म्हणत आले होते, त्यामुळे सगळे दचकले. "चर कुठाय?"

बेडकाने बोट दाखवलं. मंडप उठला. चहा तयार होता आणि सोबत गूळ-शेंगदाणे होते, तरीही उठला. यावरून प्रकरणाचं गांभीर्य लक्षात यावं. मेंढ्या, घोरपडी, बेडूक, सगळे चरात उतरले आणि पायांनी माती लोटू लागले. चर निम्मा बुजला तेव्हा रेडेराव धावत आले. गर्दी सरकली. आता काय होणार म्हणून उल्का मेंढीला बिलगली.

रेडेरावांनी खुराने चिमूटभर माती चरात टाकली आणि मैनाबाईंकडे बघितलं.

"चर बुजवण्याच्या ऐतिहासिक योजनेचा शुभारंभ माननीय रेडेरावांच्या हस्ते झालेला आहे!" मैनाबाई ओरडल्या. "चर कोणी बुजवला?"

"रेडेरावांनी!" गाढव म्हणालं. यावेळी एकटंच म्हणालं, पण म्हणालं.

आठवड्याभरात पाणी दोन बोटं चढलं. सहाही अंडी फुटली. मुंगसांनी काठावरचा मुक्काम हलवला. पुढची निवडणूक रेडेरावांनी चर बुजवण्याच्या मुद्द्यावर जिंकली, बिनविरोध.

व्याख्यानमाला अजूनही भरते आणि त्या नगरात भाषणस्वातंत्र्य पूर्वीइतकंच पक्कं आहे. कोणीही यावं, कशावरही बोलावं. फक्त आभार मानायचे असतील, तर मजकूर आठ दिवस आधी कार्यालयात दाखवावा लागतो.